तीन नखं आणि एक अंगठा

शिकारी कुत्र्याचं पिल्लू कसं वाढवावं, त्याला तितर हुडकायला आणि दाखवायला कसं शिकवावं, ह्याच्यावर विलायतेत साडेचारशे वर्षांपासनं पुस्तकं निघताहेत. त्यातली जी हाती लागली ती मी डिक्शनरी घेऊन वाचली. तुम्ही म्हणाल, ह्याला दुसरा उद्योग नाही. इथं माणसांचे मुडदे पडताहेत आणि हा कुत्र्याचा इतिहास घेऊन बसलाय. जरा थांबा. कुत्र्याशी आपलं नातं आपण जोडलेलं नाही, ते मनूनं जोडलंय. त्याच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळानं आणि श्वपचानं गावाबाहेर राहावं, मेलेल्याचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात जेवावं, आणि त्याचं धन म्हंजे काय, तर कुत्री आणि गाढवं. 'श्वपच' ह्या शब्दाचा अर्थच मुळी कुत्रं शिजवणारा. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं गेलं. त्याच महाडात, त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तोवर तिथं जनावराला मज्जाव नव्हता, आपल्याला होता. म्हंजे आपल्या इतिहासात कुत्रं आधीपासनंच बसलेलं आहे. त्याला हाकलून भागणार नाही. ते कुणाचं, त्याला कुणी शिकवलं, काय शिकवलं आणि शिकवणाऱ्याच्या हाती काय उरलं, हे बघितलं पाहिजे.

राजाचा इतिहास लिहिला जातो. राजाच्या कुत्र्याचासुद्धा लिहिला जातो. कुत्र्याला शिकवणाऱ्याचा कुणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

*

सुरुवात नखांपासनं करतो.

१०६६ साली नॉर्मन राजानं इंग्लंड जिंकलं आणि रानंच्या रानं 'राजाचं जंगल' म्हणून जाहीर केली. त्या जंगलात नुसती झाडं नव्हती, गावं होती, शेतं होती, माणसं होती. पण हरीण राजाचं. हरणानं शेत खाल्लं तरी शेतकऱ्यानं हात लावायचा नाही. आता गावात माणूस म्हटल्यावर कुत्रं आलंच. राखणीला लागतं. पण राखणीचं कुत्रं हरणामागं धावलं तर? त्यावर राजाच्या अधिकाऱ्यांनी इलाज काढला. कुत्र्याचा पुढचा पाय लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायचा, वर छिन्नी धरायची, हातोडा मारायचा. तीन नखं बोटांसकट साफ. कुत्रं मरत नाही. भुंकतं, दारात बसतं, मालकाची राखण करतं. फक्त धावत नाही.

१२१७ साली जंगलाची सनद निघाली. इंग्रजांच्या पुस्तकांत तिचं फार कौतुक आहे, स्वतंत्र माणसांना हक्क देणारी सनद म्हणून. हक्क दिले हे खरं. पण त्याच सनदेत हेही लिहिलं आहे की कुत्र्यांच्या नखांची तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी, आणि ज्याच्या कुत्र्याची नखं शाबूत सापडतील त्याला तीन शिलिंग दंड. हक्काच्या कागदावर छिन्नीसुद्धा राहिली.

हे वाचलं आणि मला आपला एकलव्य आठवला. ती गोष्ट आपण अंगठ्यापासनं सांगतो. पण महाभारतात ती कुत्र्यापासनं सुरू होते, हे ध्यानात घ्या. पांडव शिकारीला निघालेत, मागनं एक नोकर शिकारीचं सामान आणि कुत्रं घेऊन चाललाय. कुत्रं रानात भरकटतं. समोर काळा, अंगाला मळ लागलेला, मृगचर्म नेसलेला निषादाचा पोरगा दिसतो आणि ते भुंकायला लागतं. राजवाड्याचं कुत्रं ते. एकलव्य सात बाण मारून त्याचं तोंड बंद करतो. तोंडात बाण घेऊन कुत्रं परत जातं, आणि मग राजपुत्रांना कळतं की आपल्यापेक्षा सरस धनुर्धारी रानात आहे. पुढचं ठाऊक आहे. द्रोण येतो, कधी न शिकवलेल्या विद्येची फी मागतो, आणि अंगठा घेऊन जातो.

तिकडं तीन नखं, इकडं एक अंगठा. बघा, दोन्हीकडं जीव घेतलेला नाही. जीव घेतला तर राबणार कोण? नेमकी तेवढीच जागा कापली जिथं कसब राहतं. पण तिकडं जे कुत्र्याच्या पायाला झालं ते इकडं माणसाच्या हाताला झालं, आणि वर त्याला गुरुभक्ती म्हणून पाठ्यपुस्तकात घातलं. हा फरक विसरू नका.

*

विलायतेतल्या वरच्या वर्गाला पुढं एवढ्यानं भागेना. १३८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, लंडनमध्ये घुसले. बंड मोडलं. नऊ वर्षांनी, १३९० मध्ये कायदा आला की ज्याची जमीन वर्षाला चाळीस शिलिंगापेक्षा कमी उत्पन्नाची त्यानं शिकारीचं कुत्रं पाळायचंच नाही. बंडानंतर कुत्र्याचा कायदा कसा काय आला? कारण शिकारीच्या निमित्तानं गरीब माणसं रानात जमतात, बोलतात, कट करतात, ही मालकांची भीती. चार जणांच्या वर जमाव दिसला की कलम लावणाऱ्यांचे हे पूर्वज.

मग १६७१ चा कायदा. हा नीट समजून घ्या, कारण पुढं कामाला येणार आहे. ज्याच्याकडं वर्षाला शंभर पौंड उत्पन्न देणारी स्वतःच्या मालकीची जमीन नाही, किंवा दीडशे पौंडांची लांब मुदतीच्या पट्ट्याची जमीन नाही, किंवा जो बड्या घराण्याचा वारस नाही, त्याला शिकारीची बंदी. त्यानं बंदूक ठेवायची नाही, जाळं ठेवायचं नाही, ग्रेहाउंड पाळायचा नाही, पक्षी दाखवणारं सेटर कुत्रं पाळायचं नाही. जमीनदारानं नेमलेला रखवालदार वॉरंट घेऊन दिवसाढवळ्या गरिबाच्या घरात शिरणार, झडती घेणार, कुत्रं सापडलं तर ओढून नेणार. त्या काळी तिथल्या परगण्यात मत द्यायला चाळीस शिलिंगांची जमीन पुरत होती. शंभर पौंड म्हंजे त्याच्या पन्नासपट. ब्लॅकस्टन नावाचा त्यांचाच कायदेपंडित अठराव्या शतकात हे लिहून गेला की राज्यकारभाराला मत द्यायला जेवढी मालमत्ता लागते त्याच्या पन्नासपट एक तितर मारायला लागते.

स्वतःच्या शेतातलं धान्य खाऊन पोसलेला तितर, आणि त्याच शेतकऱ्यानं त्याला हात लावला तर तो चोर.

*

आता पिल्लाकडं येऊ. कारण कायदा झाला तरी साहेबाला कुत्रं शिकवता येत नव्हतं. त्याला वेळ कुठला? आणि चिखलात लोळायचं कुणी?

१५७० साली कायस नावाच्या डॉक्टरनं इंग्लंडातल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, १५७६ ला ते इंग्रजीत आलं. त्यात त्यानं पक्षी दाखवणाऱ्या कुत्र्याचं काम सांगितलं आहे. कुत्रं आवाज न करता वास घेत जातं. पक्ष्यांचा ठाव लागला की थांबतं, पोट जमिनीला टेकवतं, पुढं सरपटतं आणि जागा दाखवून पडून राहतं. मग माणसं जाळं पसरून पक्ष्यांवरनं ओढतात. जाळं कुत्र्याच्या अंगावरनं जातं, म्हणून त्यानं झोपून राहायचं. 'सेटर' हे नाव त्या बसण्यावरनं पडलं. पुढं अठराव्या शतकात उडता पक्षी बंदुकीनं टिपायची रीत फोफावली, जाळं मागं पडलं. मग उभ्यानं, एक पाय उचलून, नाक रोखून दाखवणारा पॉइंटर पुढं आला.

हे शिकवतात कसं? मार्कम नावाच्या लेखकानं १६२१ साली पाखरं धरण्याच्या कलेवर पुस्तक काढलं, त्यात कुत्र्याची शाळा आहे. पहिली पायरी, पिल्लानं एकाच माणसाला ओळखावं. त्याच्याच हातनं खावं, त्याच्याच मागं फिरावं. आणि त्याला माया आणि धाक सारख्या मापात द्यावा, म्हंजे जितका लळा तितकीच भीती. दुसरी पायरी, खाली पडणं. हुकूम झाला की पोट जमिनीला. तोंडापुढं तुकडा ठेवायचा आणि हुकूम होईस्तोवर त्याला तोंड लावू द्यायचं नाही. मग लांब दोरी. पिल्लू मोकळं सुटल्यागत वाटतं, पण दुसरं टोक माणसाच्या मुठीत. पळालं की हिसका. मग शेत. तोंड वाऱ्याकडं ठेवायचं, कारण वास वाऱ्याबरोबर येतो. डावीकडनं उजवीकडं नागमोडी फिरवायचं, रानाचा एक तुकडा कोरा राहता कामा नये. वास लागला की थांब. पाखरू समोर फडफडतंय, जीव कासावीस होतोय, तरी थांब. पुढं बंदूक आल्यावर आणखी दोन धडे वाढले. पाखरू उडालं तरी हलायचं नाही, बार झाला तरी हलायचं नाही. आणि ज्याला पडलेलं पाखरू उचलून आणायला शिकवलंय त्यानं ते दात न लावता आणायचं.

ह्या सगळ्या शिक्षणाला इंग्रजीत शब्द आहे 'ब्रेकिंग'. म्हंजे मोडणं. हचिन्सन नावाच्या लष्करी साहेबाचं १८४८ सालचं गाजलेलं पुस्तक आहे, त्याचं नावच 'डॉग ब्रेकिंग'. खरं सांगायचं तर हा हचिन्सन उगा चाबूक चालवू नका म्हणणारा होता. बऱ्या वागणुकीनं कुत्रं लवकर शिकतं, असं त्याचं म्हणणं. पण बऱ्या वागणुकीनं का होईना, मोडायचं हे ठरलेलं. आपल्याकडं खोंडाला वेसण घालतात आणि औताला धरतात. शब्द वेगळे, नाक तेच.

आता शिकवणाऱ्याचं बघा. ७ ऑक्टोबर १६८५ चा एक करारनामा उपलब्ध आहे. वूस्टरशायर परगण्यातला जॉन हॅरिस नावाचा शेतकरी रिबस्फर्डच्या हेन्री हर्बर्ट साहेबाला लिहून देतो. साहेबानं त्याच्या ताब्यात एक स्पॅनियल कुत्री दिली आहे, तिचं नाव क्वांड. हॅरिसनं तिला १ मार्चपर्यंत सांभाळायचं, खाऊ घालायचं आणि उत्तमातल्या उत्तम कुत्र्यासारखं तितर आणि फेझंट दाखवायला शिकवायचं. दहा शिलिंग आगाऊ, तीस शिलिंग मागनं. एवढ्यावर भागत नाही. पुढं कधी सराव नसल्यामुळं कुत्री विसरली, तर हॅरिसनं तिला परत ठेवून घ्यायचं, स्वतःच्या खर्चानं खाऊ घालायचं आणि परत शिकवायचं. जितक्या वेळा विसरेल तितक्या वेळा.

म्हंजे साहेब कुत्रीला शिकारीला नेणार नाही, ती विसरणार, आणि दंड हॅरिसला. हा करार १६७१ च्या कायद्यानंतर चौदा वर्षांनी झालेला आहे. दोन कागद शेजारी ठेवून वाचा. एक कागद म्हणतो, शंभर पौंडांच्या खालच्या माणसानं सेटर पाळायचं नाही. दुसरा कागद म्हणतो, चाळीस शिलिंग घे आणि सेटर तयार करून दे. कसब शेतकऱ्याच्या हातात, कुत्री साहेबाच्या दारात, आणि पाखरू साहेबाच्या ताटात.

सूतगिरणीत नवं पोरगं आलं की रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधायला आम्ही शिकवतो. बोटाला बोट लावून शिकवतो. महिन्याभरात पोरगं तयार होतं. त्याच्या कागदावर 'प्रशिक्षण दिले' अशी सही सुपरवायझरची. म्हणून हा हॅरिस मला परका वाटत नाही.

*

सगळेच हॅरिससारखे सही करून गप बसले नाहीत. कायद्यानं शिकार बंद केली म्हणून पोट बंद होत नाही. रात्री चोरून शिकार करणारे तिथं गावोगाव होते, आणि त्यांचंही कुत्रं होतं. लर्चर म्हणतात त्याला. ग्रेहाउंड आणि मेंढपाळाचं कुत्रं ह्यांचा संकर. वेग एकाचा, अक्कल दुसऱ्याची. त्याची शाळा निराळी. त्यानं भुंकायचं नाही, अंधारात धावायचं, ससा धरून गुपचूप हातात आणून द्यायचा. रखवालदार येताना दिसला तर ते मालकाला ओळखसुद्धा दाखवत नसे, असं सांगतात. एका कुत्र्याला मालकासाठी दाखवायला शिकवलं, दुसऱ्याला मालकांपासनं लपवायला. जनावर एकच. शाळा कुणाची ह्यावर सगळं ठरलं.

सरकारनं काय केलं? १७२३ साली 'ब्लॅक अ‍ॅक्ट' आणला. तोंडाला काळं फासून, शस्त्र घेऊन हरणांच्या रानात सापडला तर फाशी. ह्या एका कायद्यात फाशीचे पन्नासच्या आसपास गुन्हे भरलेले होते. ई. पी. थॉम्प्सन ह्या इतिहासकारानं ह्याच्यावर १९७५ साली 'व्हिग्ज अँड हंटर्स' हे पुस्तक लिहिलं. कार्यकर्त्यांनी जमेल तसं वाचावं. १८१६ मध्ये रात्री जाळं घेऊन सापडला तर सात वर्षं काळ्या पाण्याची तरतूद झाली. जमीनदार आपल्या रानात माणसाचा पाय धरणारे लोखंडी सापळे लावत. ते १८२७ साली कायद्यानं बंद झाले. आणि शंभर पौंडांची अट १८३१ साली गेली. तिच्या जागी परवाना आला. एकशेसाठ वर्षं ती अट टिकली. लोक गप बसले असते तर अजून असती.

*

आता एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. 'जातिवंत'.

आपल्या मराठीत चांगल्या कुत्र्याला, चांगल्या घोड्याला, चांगल्या गवयालासुद्धा जातिवंत म्हणतात. आणि जातीचं समर्थन करणारा शिकलेला माणूस शेवटी हाच दाखला देतो. पॉइंटरचं पिल्लू न शिकवता दाखवतं, गल्लीतलं कुत्रं दाखवत नाही, तसंच माणसाचं, रक्तात असावं लागतं. हा दाखला चहाच्या टपरीपासनं व्याख्यानापर्यंत ऐकू येतो. त्याला उत्तर पाठ पाहिजे.

पहिली गोष्ट, पिल्लू पहिल्यांदाच रानात नेल्यावर कधीकधी आपोआप दाखवतं, हे खरं आहे. डार्विननं १८५९ च्या आपल्या पुस्तकात हे नमूद केलं आहे. पण ते आलं कुठनं? आकाशातनं नाही आलं. झडप घालण्याआधी प्रत्येक कुत्रं क्षणभर थबकतं. मांजरही थबकतं. जी पिल्लं जास्त थबकतात ती माणसानं निवडली, त्यांचीच वीण वाढवली, आणि तो क्षण लांबवला. देवानं केलेलं नाही. माणसानं, स्वतःच्या सोयीसाठी केलं. आणि तरीसुद्धा शाळा लागतेच, नाहीतर हॅरिसला चाळीस शिलिंग कशाला मोजले असते?

दुसरी गोष्ट, 'शुद्ध जात' हा प्रकार फार जुना नाही. शेकडो वर्षं कामाच्या हिशेबानं कुत्र्यांचा संकरच होत आला. स्पॅनियलातनं सेटर निघाला. पॉइंटरमध्ये फॉक्सहाउंडचं रक्त घातलं गेलं. पहिलं मोठं कुत्र्यांचं प्रदर्शन जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरलं, फक्त पॉइंटर आणि सेटर ह्यांचं. बक्षीस म्हणून बंदुका. पहिला आलेला सेटर पॉइंटरच्या परीक्षकाचा निघाला आणि पहिला आलेला पॉइंटर सेटरच्या परीक्षकाचा. गुणवत्ता कशी ठरते बघा! १८७३ ला लंडनात केनेल क्लब स्थापन झाला, पुढच्या वर्षी वंशावळीचं रजिस्टर निघालं. म्हंजे ज्या शुद्धतेचा तोरा मिरवतात तिचं बाड दीडशे वर्षांचं आहे.

तिसरी गोष्ट बाबासाहेबांची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली स्वतः छापलेल्या भाषणात त्यांनी हा मुद्दा निकालात काढला आहे. माणसाच्या वेगवेगळ्या वंशांनासुद्धा विज्ञान एकच प्राणिजात मानतं. आणि जाती तर वंशसुद्धा नव्हेत. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. तेव्हा कुत्र्याचा दाखला माणसाला लागू नाही. आणि लावायचाच असेल तर पुरा लावा. कुत्र्याचं चांगलं काम संकरातनं निघालं. मग आंतरजातीय लग्न म्हटलं की कुऱ्हाडी का निघतात?

*

साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा कुत्री घेऊन आला. इथं त्याला एक अडचण आली. बंगल्यावर चाकरीला माणसं भरपूर, पण प्रत्येकाची जात. कुत्र्याला हात लावायला वरच्या जातीचा नोकर तयार नाही. मग कुत्र्याचं काम उतरत उतरत आलं ते भंग्याच्या, मेहतराच्या, नाहीतर पोरसवदा 'डॉग-बॉय'च्या गळ्यात. १८८९ साली मुंबई इलाख्यातल्या एटकिन ह्या साहेबानं बंगल्यावरच्या नोकरांवर थट्टेचं पुस्तक लिहिलं, त्यात ह्या डॉग-बॉयवर आख्खं प्रकरण आहे. इंग्रजी साहित्यात आपला माणूस शिरला तो असा, कुत्र्याची साखळी धरून. मनूनं सांगितलेलं धन साहेबानं महिन्याच्या पगारावर परत दिलं.

आणि इथला शिकारी? विलायतेतल्या कायद्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८७१ साली, ब्रिटिश सरकारनं क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट केला. आधी तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही त्यात आला. फासेपारधी, पिढ्यान्‌पिढ्या तितर-लावे फाश्यांत धरणारा, रानाचा वास, वारा, पाखराची चाल जाणणारा माणूस, जन्मतःच गुन्हेगार ठरला. रजिस्टरला नाव, बोटांचे ठसे, पोलिसापुढं हजेरी, गाव सोडायला पास. तिकडं १६७१ मध्ये गरिबाची शिकार गुन्हा ठरली. इकडं १८७१ मध्ये शिकाऱ्याचा जन्मच गुन्हा ठरला. तिकडच्या गरिबाला निदान पैसा आल्यावर सुटका होती. इथं जातीला सुटका नाही. इंग्रजानं कायदा आणला, पण जन्मावरनं माणूस ठरवायची युक्ती त्याला इथंच आयती मिळाली.

सोलापूरला सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. म्हंजे रानातला शिकारी मोडून गिरणीचा कामगार केला. हेसुद्धा ब्रेकिंगच. लांब दोरी, दुसरं टोक भोंग्याला बांधलेलं. ह्या वसाहतींचा अधिकारी स्टार्ट हा १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीसाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष होता, आणि बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. १९३० ला तिचा अहवाल आला. अस्पृश्यांचा आणि रानातल्या माणसांचा प्रश्न त्या टेबलावर एकत्र आला होता. आपण तो नंतर सुटा केला.

सगळे राजे सारखे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः मोठे शिकारी. पण त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पदरी ठेवून काम दिलं. ज्याला रान कळतं त्यानं रानातल्या माणसाची किंमत केली.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. कागदावरनं गेला. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. परवाना काढून शौकाची शिकार त्यानंतरही काही वर्षं चालू होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. जंगल वाचलं पाहिजे, पाखरू वाचलं पाहिजे, ह्याबद्दल माझा वाद नाही. पण साहेबाचा छंद बंद झाला तेव्हा त्यानं दुसरा छंद शोधला. पारध्याची भाकरी बंद झाली तेव्हा त्याला दुसरी भाकरी कुणी दिली? तितर कुठं बसतो, कधी अंडी घालतो, कोणत्या वाऱ्याला कुठं लपतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्याला रानाचा राखणदार करता आला असता. पण आजही गावात चोरी झाली की पोलिसाची गाडी आधी पारध्याच्या पालावर जाते.

*

मित्रहो, आता आपलं.

बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन शब्दांतला पहिला 'शिका'. आपण तो भिंतीवर लिहितो. पण शिकणं आणि शिकवलं जाणं ह्यात जे अंतर आहे ते ह्या कुत्र्याच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. क्वांडसुद्धा शिकली होती. उत्तम शिकली होती. वास ओळखत होती, वारा ओळखत होती, तिच्याशिवाय साहेबाला तितर सापडत नव्हता. पण तिच्या शिक्षणाचा शेवटचा धडा काय होता? समोरच्या पाखराला तोंड लावायचं नाही.

आपल्यातल्या हुशार पोरांना आज अशीच शाळा मिळते आहे. पक्षाचा एक माणूस वस्तीत येतो, एकाच हातानं खाऊ घालतो. एक कमिटी, एक बॅनर, एक फोटो. माया आणि धाक सारख्या मापात. दोरी लांब असते, म्हणून पोराला वाटतं आपण मोकळे. मग त्याचं काम सुरू होतं. वस्तीत नाराज कोण, मोर्चात बोलका कोण, मतं कुठं आहेत, त्यानं नुसतं थांबून दाखवायचं. जाळं टाकणारे दुसरे. आणि जाळं त्याच्या अंगावरनंच जातं.

मला ह्या पोरांवर दात खायचे नाहीत. भुकेल्या पोटी तुकड्यापुढं बसवलं तर कोण बसणार नाही? पण आपल्या अभ्यासवर्गात हे बोललं गेलं पाहिजे. जो शिकवतोय तो शिकून झाल्यावर काय करू देणार आहे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. द्रोणानं तर शिकवलंही नव्हतं, तरी अंगठा नेला. एकलव्यानं विचारायला पाहिजे होतं, कुठल्या हिशेबानं?

आणि एक काम लगेच करण्यासारखं आहे. आपापल्या तालुक्यात पारध्यांची पालं कुठं आहेत ते बघा. पोरं शाळेत जातात का, जातीचे दाखले मिळालेत का, रात्री कुणाला उचललं तर ठाण्यात त्याच्यासोबत कोण जातं, हे बघा. कुणी जात नसेल तर आपण जावं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करणं बंधनकारक आहे, हे घटनेच्या २२ व्या कलमात आहे. ते कलम पाठ करून जावं. नुसतं दाखवायला नव्हे, धरायला जावं.

अंगठा अजून जागेवर आहे. सही करताना, मूठ आवळताना, दोन्ही वेळी तो लागतो.

जयभीम.